प्रतिसाद: हास्ट गरुड शिकारीच होता

न्यूझीलंडचा, आता नामशेष झालेला दहा ते पंधरा किलोंचा हास्ट गरुड आखूड पंख आणि गिधाडाशी साम्य यांमुळे मेलेल्या प्राण्यांवरच जगत असावा, अशी शंका कुणी घेतली आहे; ती मला पटत नाही. वजनाच्या मानाने त्याचे पंख आखूड होते हे खरे. परंतु न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील झाडाझुडपांत झडप घालण्यास ते सोयीचेच होते, आणि मोआ या २०० किलोंपर्यंतच्या, न उडणाऱ्या पक्ष्यांच्या कटीच्या हाडांवर त्याच्या नखांनी पाडलेली भोके आढळली आहेत. गिधाडाशी साम्य दिसते ते कवटीत, बहुधा शिकार पाडल्यावर तिचे आतले अवयव ओढून खाण्यासाठी. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या वसाहतीनंतर मोआ संपले, पाठोपाठ हा गरुडही. (२००५च्या डीएनए अभ्यासानुसार, हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा जेमतेम किलोभराचा बूटेड ईगल त्याच्या जवळच्या नातलगांपैकी आहे!)