बाकदार छाटणी चाकूची मोडलेली अणी परत कशी काढायची?

काजूबाग
घडीचा छाटणी चाकू आहे. पातं विळ्यासारखं आत वळलेलं, लांबी साधारण 65 मिमी, पाठीकडची जाडी 2 मिमी. पोलाद साधं कार्बनचं, गंज धरणारं. रोपाच्या पिशवीची तार उचकटताना टोकाचा 3 मिमीचा तुकडा उडाला. बाकी धार चांगली आहे, पण फुटवे काढताना टोक सालीत शिरत नाही, नुसतं घसरतं. सपाट दगडावर घासलं तर दगड टोकाला आणि मुठीजवळ लागतो, मधे पोकळी राहते. घरी कानस, दुहेरी दगड आणि वॉटर पेपर आहे. एवढ्यावर भागेल की मशीनवर द्यावा?

पोलादी
भागेल. मशीनवर देऊ नका. कोरड्या चाकावर एवढं बारीक टोक दोन सेकंदांत तापतं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

मुख्य गोष्ट एकच: धारेला हात लावायचा नाही, पाठ घासायची. तुटलेल्या जागी धार जिथे संपते तोच बिंदू तुमची नवी अणी. मार्करने त्या बिंदूपासून पाठीवर 15 ते 20 मिमी मागेपर्यंत हलकी गोलाई काढा आणि रेघेबाहेरचं पोलाद काढून टाका. मागे कमी अंतर धरलंत तर टोक एकदम उतरतं आणि पोपटाच्या चोचीऐवजी खुरप्यासारखं दिसतं. 3 मिमी गेले ते गेले, पण यापुढे लांबी घटणार नाही, टोकाजवळची रुंदी तेवढी कमी होईल.

कानस आधी पाठीवर फिरवून बघा. चावली तर चावली. नुसती सरकत असेल तर पोलाद कडक आहे, तिथे जोर लावून कानसच बोथट होईल. मग दुहेरी दगडाची खरखरीत बाजू घ्या, पाणी भरपूर. हाताने अर्धा-पाऊण तास धरा.

सुरू करण्याआधी धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या. घडीच्या चाकूला लॉक नसेल तर पातं हातात मिटू शकतं, म्हणून मूठ आणि पात्याचा सांधाही टेपने घट्ट गुंडाळा. त्याने दगडाचा लगदा सांध्यात शिरत नाही, हा जास्तीचा फायदा.

विळाकोयता
एवढा खटाटोप कशाला? धारेकडून चार हात मारले की टोक येतं. पाच मिनिटांचं काम.

पोलादी
येतं, पण दोन अडचणी आहेत. एक, धारेकडून घासलं की आतला बाक सरळ होत जातो. या चाकूचं सगळं काम त्या बाकावर आहे, फांदी ओढून कापताना तोच तिला धरून ठेवतो. दुसरी जास्त वाईट. घडीच्या चाकूत मिटल्यावर धार मुठीच्या खाचेत आत जाते आणि पाठ बाहेर राहते. धारेकडून घासलं तर टोक पाठीकडे सरकतं, म्हणजे चाकू मिटल्यावर ते खाचेबाहेर डोकावतं. खिशात हात घातला की कळेल. पाठीकडून घासलं तर टोक उलट आणखी आत बसतं.

कलमघर
पोलादींशी सहमत. आतल्या बाकाची धार मात्र सपाट दगडावर कधीच नीट लागणार नाही, ती गोल वस्तूवरच. प्लास्टिकच्या पाइपचा किंवा लाकडी दांड्याचा तुकडा घ्या. त्याची गोलाई पात्याच्या बाकापेक्षा लहान हवी, नाहीतर तेच, फक्त दोन टोकांना लागेल. त्यावर वॉटर पेपर ताणून चिकटवा. आधी 400 नंबरचा, मग 800, मग 1500.

हात नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचा, धार मागे राहील असा. धार पुढे ढकललीत तर कागद फाटतो. मुठीकडून सुरू करून टोकाशी या आणि अणी कागदावर असतानाच थांबून पातं सरळ वर उचला. कागदावरून घसरू दिलं तर प्रत्येक हाताला अणी थोडी गोल होते. नव्याने काढलेली अणी पहिल्याच धारेत जाते ती बहुतेक यामुळेच.

कोन ठरवण्याआधी धारेला मार्कर लावा आणि एक हलका हात मारा. शाई कुठून पुसली ते बघा. फक्त वरून पुसली तर पाठ जास्त टेकली आहे, अगदी कडेची पुसली तर जास्त उचलली आहे. छाटणीला दर बाजूला 20 अंशांच्या आसपास पुरे, त्याहून पातळ धार सुक्या फांदीत चुरडते. धार एकाच बाजूने घातलेली असेल तर घासायचं तेवढीच बाजू. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून बर (घासताना धारेच्या कडेला उलटून आलेला बारीक पापुद्रा) काढण्यापुरतीच घासा, तिरकी कधीच नको.

जाता जाता, हा चाकू कलम बांधायला वापरत असाल तर नका वापरू. कलमाचा काप सपाट लागतो, त्याला सरळ पात्याचा, एका बाजूच्या धारेचा चाकू. बाकदार पात्याने काप खोलगट येतो आणि काडी खुंटावर नीट बसत नाही.

काजूबाग
पाठ घासली, टोक आलं. पण दोन गोष्टी. टोक वरून बघितलं तर छिन्नीसारखं जाड आहे, सालीत अजूनही नीट जात नाही. आणि शेवटी घाई करून ड्रिलला लावलेल्या चाकावर टेकवलं, तर अणीला 1 मिमीचा निळा डाग आला. पॉलिश पेपरने घासून काढला. आता ठीक ना?

पोलादी
डाग गेला, पाणी परत आलं नाही. रंग म्हणजे वरचा ऑक्साइडचा पातळ थर. कार्बन पोलादावर पिवळसर छटा साधारण 220 अंश सेल्सिअसला येते, निळी 300 च्या सुमाराला. पिवळ्यापर्यंत चाकूचं फारसं बिघडत नाही, निळ्याला ते मऊ पडलं समजा. अशी अणी कडक फांदीवर वाकते. तो 1 मिमी आणि मागचा अर्धा मिमी दगडावर काढून टाका, मग पाठीची गोलाई पुन्हा जुळवा. या वेळी हातानेच. उघड्या बोटाने टोकामागे धरा, बोटाला चटका बसेल त्याच्या खूप आधी पाण्यात बुडवा. (स्टेनलेसचा चाकू असेल तर रंगावर विसंबू नका, त्यावर हे रंग जास्त तापमानाला दिसतात.)

जाडीचं कारण सरळ आहे. मूळ टोक कारखान्यात पातळ करत नेलेलं असतं, तुमची नवी अणी 3 मिमी मागच्या जाड भागातून निघाली. पात्याचे दोन्ही गाल (डावी-उजवी बाजू) टोकापासून 10 मिमीपर्यंत जवळजवळ सपाट धरून दगडावर घासा, दोन्हीकडे सारखे. शेवटच्या मिलिमीटरमागे जाडी तीन-चार दशांश मिमी राहिली की थांबा. त्याहून पातळ केलंत तर पुढच्या तारेला पुन्हा तुकडा उडेल.

कलमघर
गाल पातळ केल्यावर टोकाकडची धार पुन्हा लावावी लागेल, 800 पासून सुरू केली तरी चालेल. मग अणी उजेडात धरा. पांढरा ठिपका चमकला तर अजून बोथट आहे. ठिपका दिसेनासा झाला की सैल धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर नुसतं टोक ओढून बघा, न ताणता फाटायला हवी.

टेप काढल्यावर सांधा रॉकेलने धुवा, कोरडा करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. चाकू मिटून टोकावरून पोत्याचा तुकडा फिरवा. धागा अडकला तर टोक अजून बाहेर आहे, पाठ आणखी थोडी उतरवा.