अनुभव धागा: गावाकडून थेट परदेशात शिकायला

नागपूर-अमरावतीवाले सोडून, खेड्यापाड्यातून बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांनी किंवा सध्या शिकून राहिलेल्यांनी लिहा. एजंट सांगतात ते नको, रात्री एकट्या खोलीवर काय वाटते ते पाहिजे. माझा भाचा यंदा जाऊन राहिला म्हणून विचारतो.

दारव्ह्याकडचा, जर्मनी

स्टुटगार्टजवळ होहेनहाइमला शेतीचं एमएस्सी केलं. जर्मनीत फी नाही असं सगळेच सांगतात, पण मी गेलो त्याच 2017 च्या हिवाळी सेमिस्टरपासून त्या राज्यानं युरोपबाहेरच्या पोरांना सेमिस्टरला 1,500 युरो लावले. वरून ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवा लागते, आता तो 11,904 युरो आहे, महिन्याला 992 हातात येतात. बँक म्हणे शेती तारण चालत नाही, मग मामाचा यवतमाळचा प्लॉट लावला. तिथं दोन युरोची कॉफी घेताना मला तो प्लॉट दिसे, खरंच.

बाबांचा फोन आला की मी म्हणे एक नंबर चालू आहे, ते म्हणत इकडंही मस्त. नंतर समजलं की त्याच साली बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला होता आणि घरच्या सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं. म्हणजे दोन्हीकडून नाटक चालू! भाच्याला एवढंच सांगा की घरी एक तरी माणूस असा ठेव ज्याले खरं सांगता येईल, भाऊ असो की मित्र.

मिळालं काय? ते विद्यापीठच मुळात नापिकीतून निघालं. 1816 साली तिकडं उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली, उपासमार झाली, म्हणून राजानं 1818 ला शेतीची शाळा काढली. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी कशी भेगाळते हे मी मोडक्या इंग्रजीत सांगत होतो आणि म्हातारे प्रोफेसर वहीत लिहून घेत होते, एवढं तर गावात मला कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

हिंगणघाटकडची, इंग्लंड

मी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर गेली, फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट सगळं त्यात, त्यामुळे कर्जाचं टेन्शन नव्हतं. माझं दुखणं वेगळं. आमच्या घरात आम्ही सगळे एकाच खोलीत, झोपेत आजीचा पाय अंगावर. तिथं पहिल्यांदा स्वतःची खोली, आतून कडी लावता येणारी, सुरुवातीला स्वर्गच वाटला बाप्पा. मग नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडू लागला अन् ती कडी नको वाटू लागली.

एका रविवारी लंडनला 10, किंग हेन्रीज रोडला गेली. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते घर, आपल्या राज्य सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं. तिथून मायला व्हिडिओ कॉल लावला. ती वावरात कापूस वेचत होती, सगळ्या बाया गोळा झाल्या, कोणी म्हणे पलंग दाखव, कोणी म्हणे एवढ्या थंडीत ते अभ्यास कसा करत असतील. मी इकडं ढसाढसा रडून राहिली अन् माय म्हणे ठेव आता, मालक पाहून राहिला.

दिग्रसकडचा, गावातच आहे

जाणाऱ्याचंच सगळे विचारतात म्हणून लिहितो. ताई आयर्लंडला गेली अन् तिच्या वाटचं घर माझ्यावर आलं, बाबांचा बीपी, महालक्ष्म्यांची सगळी धावपळ, आईचं रडणं. तिचं मन भरून येते तेव्हा आमच्याकडं मध्यरात्र उलटलेली असते, अन् मला पहाटे मोटर सुरू कराले जा लागते कारण वावरात लाइन तेव्हाच असते. राग येते कधीकधी, लय येते. तिले बोललो नाही अजून. दुसऱ्या दिवशी मीच विचारतो, जेवली का.

पुसदकडची, जर्मनी

सामानाबद्दल कोणीच नाही लिहिलं! घरचं तूप देऊ नका, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिखट, सांडगे, कुरड्या न्या. कुकर नक्की न्या, मला तर हॉस्टेलात त्या कुकरमुळंच मैत्रिणी मिळाल्या, शिटी ऐकून एक बांगलादेशची अन् एक नेपाळची दोघी दार वाजवत आल्या.

धागाकर्ता

वाचून दाखवलं त्याले. बाकी सगळं ऐकलं अन् विचारते काय, तर मामा, ज्वारीचं पीठ किती दिवस टिकते?