तान निंगला ऑलिंपिकचं रौप्य 'नशिबाने' मिळालं?

वर कोणीतरी लिहिलंय की चीनची बॅडमिंटन डबल्सची जोडी तान निंग आणि लिउ शेंगशू चांगल्या आहेत पण ऑलिंपिकचं रौप्य सोप्या ड्रॉमुळे (म्हणजे कोणाशी कोण खेळणार ते सोपं पडल्यामुळे) मिळालं. मला हे अजिबात पटत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये फायनलला समोर कोण होतं बघा ना, छन छिंगछन आणि जिया यीफान, चार वेळच्या वर्ल्ड चॅम्पियन, आणि ह्या पोरी विशी-एकविशीच्या. तरी पहिला गेम हरताना २०-२२ पर्यंत खेचला, मग दुसरा १५-२१ गेला.

आता जे इथे कोणीच बोललं नाही ते सांगते. २०२५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिपपण पॅरिसलाच झाली, त्याच हॉलमध्ये, फक्त ऑलिंपिकच्या वेळी स्पॉन्सरचं नाव नको म्हणून पोर्त द ला शापेल अरेना म्हणत होते. तिथेच फायनलला मलेशियाच्या पर्ली तान आणि तिना ह्या जोडीविरुद्ध तान निंग-लिउ पहिला गेम १४-२१ हरल्या, दुसरा २२-२० काढला, तिसरा २१-१७. जिथे वर्षभरापूर्वी फायनल हरलात त्याच कोर्टवर एक गेम मागे पडून गोल्ड काढायचं म्हणजे काय डोकं शांत लागत असेल! मी क्लबात डबल्स खेळते, १९-१९ ला सर्व्हिस करताना माझा अंगठा शटलवर घट्ट आवळला जातो, म्हणून मला त्या दुसऱ्या गेमचं फार अप्रूप वाटतं.