अमेरिकेतून आलेल्या आयफोनमध्ये येथील सिमकार्ड चालत नाही: फोन अनलॉक कसा करून घ्यावा?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझी मुलगी टेक्सासमध्ये नोकरी करते. तिने आपला वापरलेला आयफोन १३ मला पाठवला आहे. त्यात माझे सांगलीतले जिओचे सिमकार्ड घातले की ‘सिम नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. सिमकार्ड काढले तर वाय-फायवर छायाचित्रे, व्हिडिओ कॉल, सर्व काही सुरळीत चालते. मुलीला विचारले तेव्हा समजले की हा फोन तिने तेथील एका मोबाइल कंपनीकडून ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला होता आणि त्यातले काही हप्ते अजून फिटायचे आहेत.

येथे बाजारात चौकशी केली असता दोन उपाय सुचवले गेले. एका दुकानदाराने सिमकार्डाखाली बसवायची पातळ चिप दाखवली आणि तासाभरात फोन सुरू करून देतो, असे सांगितले. दुसऱ्याने फोनच्या आयएमईआय या ओळख क्रमांकावरून ‘सर्व्हरमधून कायमचे अनलॉक’ करून देण्यासाठी आगाऊ पैसे मागितले. दोन्ही ठिकाणी मी काही न ठरवता परत आले. असे अनलॉक करणे कायदेशीर आहे का, ते नेमके कोणाकडून करून घ्यावे, आणि अनलॉक झाल्यावर अमेरिकेतला फोन येथील ४जी-५जीवर नीट चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तरंग:

ताई, आधी लॉक कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री करून घ्या. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडले की खालच्या बाजूला ‘कॅरियर लॉक’ अशी ओळ दिसते. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल, तर फोन सर्व कंपन्यांसाठी खुला आहे आणि अडचण दुसरीकडे शोधावी लागेल. ‘सिम लॉक्ड’ असेल, तर तो विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या सिमकार्डापुरता बांधून ठेवलेला आहे. पहिल्या मालकाच्या ॲपल खात्यामुळे लागणारे ॲक्टिव्हेशन लॉक याहून वेगळे असते आणि ते फक्त तुमची मुलगी काढू शकते. फोन पाठवण्यापूर्वी तिने स्वतःचे खाते त्यातून काढले होते का, हेही विचारून घ्यावे.

आयफोनच्या बाबतीत हे बंधन कसे काम करते हे कळले की दुकानदारांच्या आश्वासनांची किंमतही कळते. फोन सुरू करताना तो आपला आयएमईआय क्रमांक ॲपलच्या सर्व्हरला कळवतो; त्या क्रमांकापुढे कोणत्या कंपनीचे सिमकार्ड स्वीकारावे याची नोंद असते, आणि ती नोंद ॲपलच्या डिजिटल सहीसह फोनमध्ये येऊन बसते. विकणाऱ्या कंपनीने ॲपलला ‘हा फोन मोकळा करा’ असे कळवले की सर्व्हरवरची नोंद बदलते आणि पुढच्या ॲक्टिव्हेशनला फोन कोणतेही सिमकार्ड घेऊ लागतो. म्हणून आयफोनला कोड टाकावा लागत नाही, आणि फोन उघडून कोणी काही दुरुस्त करावे असेही तेथे काही नसते. अनेक अँड्रॉइड फोनांत मात्र परके सिमकार्ड घातल्यावर कोड मागितला जातो. तो ओळखण्याचे प्रयत्न मर्यादित असतात, त्यामुळे अंदाजाने आकडे टाकत बसू नये.

आता तुमचा तिसरा प्रश्न. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १३ मध्ये या तिन्ही लहरी आहेत. ५जीसाठी येथे मुख्यतः ७०० आणि ३५०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरले जातात. तेही त्यात आहेत. भारतातील ५जी आयफोनवर डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस (आयफोनची मूळ प्रणाली) १६.२ पासून सुरू झाले, तेव्हा फोन अद्ययावत असावा. जिओचे २जी किंवा ३जी जाळे नसल्यामुळे साधा कॉलही व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटा जाळ्यावरूनच जातो. आयफोनमध्ये ती सोय आहे, परंतु अमेरिकन कंपन्यांसाठी बनवलेल्या काही अँड्रॉइड फोनांत इंटरनेट चालते आणि कॉल मात्र लागत नाही. हे वाचणाऱ्या इतरांनी तसा फोन मागवण्यापूर्वी एवढे तपासावेच. शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनांना सिमकार्डाचा खणच नाही, त्यांना ई-सिम (फोनमध्येच असलेले, कंपनीने दूरून सुरू करायचे सिम) घ्यावे लागते; जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्या ते देतात.

एडिसनकर:

मी न्यू जर्सीत राहतो आणि नातेवाइकांसाठी हे काम केलेले असल्यामुळे येथील पद्धत सांगतो.

कायद्याचा मुद्दा असा. १९९८ च्या अमेरिकन डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार फोनमधल्या सॉफ्टवेअरचे असे बंधन तोडणे गुन्हा ठरू शकत होते आणि त्यातून फोनांना दिलेली सवलत, अशा सवलती ठरवणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये काढून घेतली. २६ जानेवारी २०१३ पासून नवा घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणे बेकायदेशीर झाले. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या, अमेरिकन संसदेने (काँग्रेसने) ही सवलत परत देणारा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यावर सही केली. मालकाला स्वतःचा फोन अनलॉक करण्याची किंवा दुसऱ्याकडून करून घेण्याची मुभा त्यामुळे मिळाली. मात्र कंपनीने तो करून दिलाच पाहिजे, अशी सक्ती त्या कायद्यात नाही. कंपन्या करून देतात त्या आपल्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार, आणि त्या संहितेचा गाभा असा की फोनचे पैसे पूर्ण फिटलेले असावेत.

त्यामुळे तुमच्या मुलीने आधी उरलेले हप्ते एकरकमी भरावेत. त्यानंतरच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या आहेत. एटी अँड टीकडे मासिक बिलाच्या खात्यावरील फोन किमान ६० दिवस चालू राहिलेला असावा लागतो, टी-मोबाइलकडे ४० दिवस. दोन्हीकडे थकबाकी नसावी आणि फोन हरवल्याची किंवा चोरीची तक्रार नोंदलेली नसावी. व्हेरायझनची गोष्ट वेगळी आहे. त्या कंपनीने २००८ च्या रेडिओलहरींच्या सरकारी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा जो पट्टा घेतला, त्याबरोबर फोन लॉक करून न ठेवण्याची सरकारी अट आली, आणि २०१९ मध्ये चोरी व फसवणूक रोखण्यासाठी तिला विक्रीनंतर ६० दिवस लॉक ठेवण्याची सवलत मिळाली. त्या व्यवस्थेत घेतलेले फोन मुदत संपताच आपोआप मोकळे होत असत. अगदी नव्या फोनांबाबत मात्र हे गृहीत धरू नये. आज कोणती अट लागू आहे ते अर्ज करण्याच्या दिवशीच कंपनीच्या संकेतस्थळावर वाचावे, कारण या अटी बदलत राहतात.

अर्जाला शुल्क नाही. फोनवर *#०६# फिरवला की १५ आकडी आयएमईआय क्रमांक मिळतो. तो मुलीला कळवा आणि अर्ज तिनेच तिच्या खात्यातून करावा.

दुरुस्ती-पुणे:

मी फोनदुरुस्तीच्या व्यवसायात आहे आणि ती चिप अनेकदा हाताळली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्टपणे लिहितो.

सिमकार्ड आणि फोन यांच्यामध्ये बसणारा हा पातळ पापुद्रा फोनला आपण मूळ कंपनीचेच सिमकार्ड आहोत असे भासवतो. लॉक तसेच राहते, फोनची फक्त दिशाभूल होते. ॲपलने आपल्या सर्व्हरवर ती पळवाट बुजवली, तुम्ही फोन अद्ययावत केला किंवा पुसून पुन्हा सुरू केला, की तोच संदेश पुन्हा दिसू शकतो. काही वर्षांपूर्वी या चिपांमध्ये वापरले जाणारे विशिष्ट सिम क्रमांक ॲपल एकामागून एक बंद करत असे आणि प्रत्येक वेळी ग्राहक नवा क्रमांक भरून घ्यायला दुकानात येत. ज्या फोनवर बँकेचे ओटीपी यायचे आहेत, त्यासाठी मी हा उपाय कोणालाही सुचवत नाही. त्या भीतीने आयओएस अद्ययावत करणे टाळले, तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत.

‘सर्व्हरमधून अनलॉक’ हा प्रकार अधिक गंभीर आहे. वर सांगितल्याप्रमाणे ही नोंद विकणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरूनच बदलते. मग हप्ते बाकी असलेल्या फोनची नोंद बाहेरचा माणूस कशी बदलून आणतो? अमेरिकेत एका टोळीने वॉशिंग्टन राज्यातील एटी अँड टीच्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन आणि कंपनीच्या संगणकांत छुपे सॉफ्टवेअर बसवून २०१२ पासून २०१७ पर्यंत सुमारे १९ लाख फोन असे मोकळे केले. कंपनीचे नुकसान २० कोटी डॉलरपेक्षा जास्त होते आणि सूत्रधाराला सप्टेंबर २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. प्रत्येक दुकानदार अशा टोळीशी जोडलेला असतो असे माझे म्हणणे नाही. कित्येक जण तर तुमच्या मुलीला फुकट करता येणारा अर्जच तुमच्या वतीने करतात आणि त्याचे पैसे घेतात. परंतु आगाऊ पैसे देणाऱ्याला यातले नेमके काय घडणार आहे हे कळण्याचा मार्ग नाही.

आणि कोणी आयएमईआय क्रमांकच बदलून देतो म्हणाला, तर तेथून तत्काळ निघावे. भारताच्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासले असता ‘सिम लॉक्ड’ असेच दिसते आणि ॲपल खाते मुलीने काढलेले आहे. हप्ते भरायला ती तयार आहे. एक शंका राहते: पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे जाणार आहे. अर्ज त्याआधी करावा की नंतर चालेल? आणि पूर्ण पैसे फेडलेल्या वस्तूसाठीही अर्ज करावा लागतो, हे मला अजूनही पटलेले नाही.

वाचक-ठाणे:

तुमचे न पटणे रास्त आहे आणि काही देशांनी ते मान्यही केले आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक करूनच विकावे लागतात आणि जुने विनामूल्य मोकळे करून द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकण्यास मोबाइल कंपन्यांना बंदी आहे. जपाननेही त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हे बंधन जवळपास संपवले. फोन स्वस्तात देतो तेव्हा ग्राहकाने तो घेऊन पळून जाऊ नये, म्हणून लॉक हवे, असे कंपन्या सांगतात. परंतु हप्त्यांचा करार, थकबाकीची नोंद आणि ग्राहकाची पतपात्रता ही साधने त्यांच्याकडे असतातच. माझ्या मते लॉकचा खरा उपयोग ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे जाणे अवघड करण्यासाठी होतो.

आपल्याकडे ग्राहक फोन वेगळा आणि सिमकार्ड वेगळे घेतात, त्यामुळे हा अनुभव क्वचित येतो. तरी तो अगदीच परका नाही: २००३ च्या सुमारास घरोघरी पोहोचलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन त्याच कंपनीवर चालत, २००८ मध्ये आलेला आयफोन ३जी एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यापुरता बांधलेला होता, आणि २०१७ चा जिओफोनही जिओशिवाय चालत नव्हता.

एडिसनकर:

ताई, अर्ज आधीच करावा. खाते चालू असताना हप्ते फिटल्याची नोंद आणि अर्जाचे उत्तर दोन्ही तिला एकाच ठिकाणी पाहता येतात. खाते बंद झाल्यावर शेवटच्या बिलाचा हिशेब पूर्ण होईपर्यंत अर्ज अडकू शकतो. हप्ते भरल्यावर रक्कम जमा झाल्याचे खात्यात दिसू द्यावे, मगच अर्ज करावा, नाहीतर हप्ते बाकी आहेत म्हणून तो नाकारला जातो. मंजुरीचा ईमेल तिने जपून ठेवावा. तो आला की तुम्ही फोन वाय-फायला जोडून जिओचे सिमकार्ड घाला. तरीही जुनाच संदेश आला, तर फोनमधल्या माहितीची प्रत काढून घ्या, फोन पूर्ण पुसा आणि सिमकार्ड आत असतानाच नव्याने सुरू करा. त्यानंतर कॅरियर लॉकपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसले पाहिजे. ते दिसेपर्यंत मुलीने खाते दुसऱ्या कंपनीकडे हलवू नये.