मदत हवी आहे: नववीतल्या मुलाला अध्ययन अक्षमता असावी असं वाटतंय, आमच्या माध्यमिक शाळेने नेमकं काय करायचं?

वर्गशिक्षिका_सातारा

नमस्कार. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. यंदा नववीचा एक वर्ग माझ्याकडे आहे. त्यातल्या एका मुलासाठी हा धागा काढते आहे. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

इतिहासाच्या तासाला हा मुलगा सगळ्यांच्या पुढे असतो. १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला तेव्हा आजोबांकडून ऐकलेली खडी फोडण्याची, सुकडीची हकिकत त्याने अशी सांगितली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कान देऊन ऐकत होती. तोच मुलगा घटक चाचणीत तीन ओळी लिहून पेन खाली ठेवतो. त्या ओळींत ध-घ आणि भ-म यांची अदलाबदल, जोडाक्षरं फुटलेली, अनुस्वार भलत्याच अक्षरावर. फळ्यावरचं उतरवून घेताना दर शब्दाला मान वर. मोठ्याने वाचायला दिलं की पहिलं अक्षर बघतो आणि पुढचा शब्द अंदाजाने म्हणून मोकळा होतो. गणिताचे सर सांगतात, तोंडी हिशेब चोख, पण वहीत ५६ चे ६५ होतात.

स्टाफरूममध्ये हा विषय "अभ्यासच करत नाही" इथे संपतो. मला ते पटत नाही. आळशी मूल पाठ झाल्यावर इतके नेमके प्रश्न विचारणार नाही.

मुख्याध्यापक ऐकून घेणारे आहेत, पण आमच्या शाळेतून असा प्रस्ताव कधी गेलेलाच नाही, त्यामुळे लिपिकांनाही वाट माहीत नाही. आई येऊन भेटली, ती तयार आहे. वडील म्हणतात, "पोराच्या कपाळावर शिक्का नको."

तपासणी कुठे आणि कशी होते? अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात मी काय करू शकते? आणि पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेसाठी शाळेने आतापासून काय हालचाल करायची? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

समावेशित_अमरावती

बाई, तुमचं निरीक्षण इतकं बारीक आहे की निम्मं काम तिथेच झालंय. मी गटसाधन केंद्रावर (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण विभागाच्या केंद्रावर) विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी एक सांगते. निदान डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतील. तुम्ही-आम्ही कुणी त्याला 'डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) आहे' असं म्हणायचं नाही. पण शंका घेऊन पुढे पाठवणं हे शाळेचं कामच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची यादी आहे, तिच्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण, आहे. कलम १६ मध्ये ती लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेवर टाकली आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना ही दोन कलमं छापून द्या. कायद्यात लिहिलेलं दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं, असा माझा अनुभव.

वाट अशी. तुम्ही त्याच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि वह्यांची पानं एका फाइलला लावा. जोडीला तुमचं निरीक्षण, वर लिहिलंय तसंच, तारखांसकट. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे, त्यात शिक्षकांसाठी पडताळा सूची आहे, तीही भरा. मग मुख्याध्यापकांच्या पत्रासह तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संपर्क साधा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ तिथे भेटतात. आमच्या माणसांवर शाळा पुष्कळ असतात, म्हणून फोनवर थांबू नका, पत्राची पोच घ्या.

प्रमाणपत्रासाठी पालकांनी स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर) अर्ज करायचा आणि नंतर सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे आधी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्ध्यांक चाचणी, आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांची चाचणी. बुद्ध्यांक चाचणीचं नाव ऐकून पालक घाबरतात. या मुलाची बुद्धी चांगली आहे आणि अडचण वाचण्या-लिहिण्यापुरती आहे हे त्या चाचणीनेच तर सिद्ध होतं. वडिलांना हे आवर्जून सांगा.

आणखी एक. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत होते आहे ना, हे विचारून घ्या. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला दिला तर त्यातून काहीच कळणार नाही. मराठीत 'डाली' नावाचा चाचणीसंच आहे, पण तो पहिली ते पाचवीसाठी. नववीच्या मुलाला तो पुरत नाही.

आता वर्गाबद्दल. प्रमाणपत्राची वाट बघत वर्ष घालवू नका. जादा वेळ आणि लेखनिक बोर्डाकडून मिळेल तेव्हा मिळेल, पण फळ्यावरचं उतरवायची सक्ती काढायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो या मुलाच्या आईच्या मोबाइलवर जाऊ द्या. इतिहासाच्या सरावाची उत्तरं तोंडी घ्या आणि वहीत मुद्दे फक्त शब्दांत लिहायला लावा, पूर्ण वाक्यांचा आग्रह नको. शुद्धलेखनाच्या चुकांवर तांबड्या शाईचा सडा नको. आठवड्याला एकच गोष्ट धरा, उदाहरणार्थ फक्त रफार. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि मोबाइलवर मराठी मजकूर वाचून दाखवायची सोय असते. धडा आधी कानाने ऐकून आलेला मुलगा वर्गात वाचताना निम्मा मोकळा असतो.

जोडाक्षरांसाठी नववीतही पाया परत घालावा लागतो, त्याला लाजू नका. शब्द तोडून, टाळीवर, बोटाने बाकावर गिरवत. मात्र हे सगळ्या वर्गासमोर नको. रोज पंधरा-वीस मिनिटं, मधल्या सुट्टीआधी किंवा शाळा सुटल्यावर, पण रोज.

लेखणी_बोलते

मी स्वतः अशीच शिकले. आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाई, एकच विनंती. त्याला अचानक उभं करून वाचायला सांगू नका. माझ्या एक शिक्षिका आदल्या दिवशी हळूच सांगायच्या, "उद्या हा परिच्छेद तुझा." मी रात्री तो भावाकडून दहादा ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचायचे. वर्गाला काही कळायचं नाही. त्या एका वर्षात माझी शाळेची भीती गेली.

ठाण्याची_आई

माझी मुलगी राज्य मंडळातूनच दहावी झाली. रुग्णालयाच्या बाबतीत सांगते, एका फेरीत काम होत नाही. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या चाचण्या असतात आणि मोठ्या शहरांत रांग लांब असते. मुंबईत सायन, नायर या रुग्णालयांत ही सोय बरीच वर्षं आहे, पण तुम्ही आधी सातारच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. नववीतच सुरुवात करा. दहावीत गेल्यावर हे केलं तर फॉर्म भरायची वेळ येते आणि कागद हातात नसतो.

गणिताबद्दल मात्र सावध राहा. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय, अशी सवलत आहे. आमच्या शाळेत ती सरसकट घ्यायला सांगत होते. आम्ही घेतली नाही. मुलीला गणित समजत होतं, आकडे लिहिताना गोंधळ व्हायचा. कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ मिळाला, तेवढ्यावर ती सुटली. गणित सोडलं की तंत्रनिकेतन, विज्ञान शाखा या वाटा जवळपास बंद होतात. तुमच्या मुलाचे तोंडी हिशेब चोख आहेत म्हणता, तर त्याचं गणित काढून घेऊ देऊ नका.

समावेशित_अमरावती

याच्याशी पूर्ण सहमत नाही, ताई. काही मुलांना अंकांचीच अक्षमता असते आणि त्यांना गणिताखाली चिरडत ठेवणं क्रूर आहे. त्यांच्यासाठी ती सवलत म्हणजे दहावी पार होण्याचा एकमेव रस्ता असतो. पण या मुलाच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर वाटतं. अहवाल बघून ठरवावं, शाळेच्या सोयीने नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

बाई, कागदपत्रांचं मी सांगतो.

प्रमाणपत्र हातात आलं की यू-डायसच्या (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन माहितीसाठ्याच्या) नोंदीत त्या विद्यार्थ्याची दिव्यांग म्हणून नोंद करायला लिपिकांना सांगा. ही नोंद करायची राहून गेली तर 'समग्र शिक्षा' योजनेचे लाभही राहून जातात. दहावीचं आवेदनपत्र भरताना दिव्यांगत्वाचा प्रकार त्यात अचूक भरायचा. नंतर दुरुस्ती करत बसणं फार त्रासाचं. मग शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे सवलतींचा प्रस्ताव. सातारा कोल्हापूर विभागात येतो. कोणत्या सवलती हव्यात त्या एकेक करून लिहा: जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, तिसऱ्या भाषेतून सूट. "नियमानुसार सवलत मिळावी" असं मोघम लिहिलेलं पत्र अडकतं.

जादा वेळ तासाला २० मिनिटं. म्हणजे इतिहासाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या भाषेच्या पेपरला पूर्ण तास. लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो आणि त्याची कागदपत्रंही आधी द्यावी लागतात. मंजुरीचं पत्र केंद्रसंचालकांना परीक्षेआधी नेऊन दाखवा. ऐन पेपरच्या सकाळी केंद्रावर वाद घालायची पाळी मुलावर येऊ नये.

वर्गशिक्षिका_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती. कलमं छापून मुख्याध्यापकांकडे दिली आहेत, पत्राचा मसुदा ते स्वतः बघतो म्हणाले. वडिलांशी बुद्ध्यांक चाचणीबद्दल बोलले. अजून होकार नाही, पण "लेकरू हुशार आहे असं डॉक्टर लिहून देतील का?" असं त्यांनी विचारलं. आईसोबत ते रुग्णालयात जातील असं वाटतं.

एक शंका उरली आहे. त्याला लेखनिक द्यावा की त्याने स्वतःच लिहावं? लेखनिक दिला तर हाताने लिहायची उरलीसुरली सवयही जाईल, असं आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं आहे.

ठाण्याची_आई

माझ्या मुलीने लेखनिक नको म्हटलं होतं. तिला जादा वेळ पुरला. त्यालाच विचारा.

समावेशित_अमरावती

हो, त्यालाच विचारा, पण दोन्ही करून बघितल्यानंतर. सहामाहीला इतिहासाचा पेपर जादा वेळ देऊन स्वतः लिहू द्या, आणि एखादी घटक चाचणी लेखनिकासह घ्या. शाळेच्या परीक्षेत हे मुख्याध्यापक करू शकतात. मग दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बघा, त्याला जे येतं ते कशात उतरलंय.

लेखनिक घ्यायचं ठरलं तर सराव फार लागतो, आणि इथेच बहुतेक शाळा कमी पडतात. उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. वाक्य डोक्यात पूर्ण करायचं, सावकाश सांगायचं, विशेषनामं नीट उच्चारायची, नवा परिच्छेद कुठे ते सांगायचं, आणि शेवटी लेखनिकाकडून वाचून घ्यायचं. मुलं घाईत बोलतात आणि लेखनिक अर्धंच लिहितो. परीक्षेला जो आठवीतला मुलगा किंवा मुलगी बसणार, तीच जोडी आतापासून आठवड्यातून एकदा एकत्र बसवा. आणि लेखनिकाच्या आई-वडिलांची संमती लेखी घ्या. परीक्षेच्या काळात ते गावाला निघून गेले तर ऐनवेळी दुसरं मूल मिळत नाही, म्हणून बदली नावही तयार ठेवा.

हाताची सवय जाईल ही भीती परीक्षेपुरती बाजूला ठेवा. लिहिण्याचा सराव तुमच्या त्या रोजच्या वीस मिनिटांत चालू राहीलच.