पौलाचा फेलिक्ससमोरचा बचाव: आरोप नेमके कोणते, आणि तो सुटला का नाही?

सांजदिवा

मंडळीच्या अभ्यासवर्गात नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकच्या पुस्तकाचे अध्याय २१ ते २६ (पौलाची यरुशलेमातली अटक, मग रोमी सुभेदार फेलिक्स आणि त्याच्यामागून आलेला फेस्त यांच्यासमोरची सुनावणी) घ्यायचे आहेत, तासाभराच्या दोन बैठकांत. तीन ठिकाणी अडलंय.

१) पौलावरचे आरोप जागोजागी बदललेले दिसतात. मंदिरात ओरडा एक होतो, फिर्यादींचा वकील तिर्तुल्ल दुसरंच बोलतो. कायद्याच्या भाषेत नेमका आरोप काय होता?

२) यहुदी न्यायसभेपुढे (अ. २३) पौल एकदम पुनरुत्थानाचा विषय काढतो आणि परूशी (ते मानणारे) व सदूकी (न मानणारे) आपसात भांडू लागतात. ही निव्वळ चलाखी म्हणायची का?

३) २६:३२ मध्ये राजा अग्रिप्पा म्हणतो की कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली नसती तर हा सुटला असता. मग दाद मागणं अंगलट आलं का?

प्रवचन नको, माहिती हवी आहे. ज्यांनी हे अध्याय बारकाईने वाचलेत त्यांनी लिहावं.

दप्तरदार

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, नाहीतर वर्गात गोंधळ होणार. या सहा अध्यायांत पौल पाच ठिकाणी बोलतो, पण खटला म्हणावा असे प्रसंग दोनच: फेलिक्ससमोर (अ. २४) आणि फेस्तसमोर (२५:६-१२). किल्ल्याच्या पायऱ्यांवरचं बोलणं (अ. २२) जमावापुढचं आहे. न्यायसभा (अ. २३) रोमी सरदार क्लौद्य लुसियाने बोलावली ती चौकशीसाठी, हा माणूस काय भानगड आहे हे त्याला कळेना म्हणून. आणि अग्रिप्पासमोरचा थाटमाट (अ. २६) तर अपील मंजूर झाल्यानंतरचा, तिथे निकाल द्यायचाच नव्हता. फेस्ताला कैसराकडे कैद्याबरोबर कागद पाठवायचा होता आणि त्यात लिहायचं काय हा त्याच्यापुढे प्रश्न होता (२५:२६-२७).

आता आरोप. २१:२८ आणि २४:६ शेजारी शेजारी ठेवून वाचा. मंदिरात आशियातले यहुदी ओरडतात की याने हेल्लेणी (ग्रीक, म्हणजे यहुदी नसलेल्या) लोकांना आत *आणलं* आणि जागा विटाळली. आठवडाभराने तिर्तुल्ल म्हणतो की याने मंदिर विटाळण्याचा *प्रयत्न केला*. आरोप पातळ झाला, कारण इफिसकर त्रोफिम पौलाबरोबर दिसला होता तो शहरात, मंदिरात त्याला कुणी पकडलेलं नव्हतं. लूक २१:२९ मध्ये ते स्पष्टच सांगतो.

हा आरोप किती गंभीर होता याचा दगडी पुरावा आहे. आतल्या अंगणाभोवती दगडी कठडा होता, पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या मते तीन हात उंच, आणि त्यावर इशाऱ्याच्या पाट्या होत्या. त्यातली एक पूर्ण ग्रीक पाटी १८७१ मध्ये यरुशलेमात सापडली, ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मजकुराचा आशय असा की परक्याने कठड्याच्या आत येऊ नये, पकडला गेला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार. यात जबाबदार धरलाय तो आत शिरणारा परका. त्याला आणणाऱ्याचा पाटीवर उल्लेख नाही. म्हणजे त्रोफिम हाती नसताना हा मुद्दा एकटा टिकणं अवघडच.

म्हणून तिर्तुल्ल तो शेवटी ठेवतो. त्याचा क्रम पाहा: हा माणूस पीडा आहे, जगभरच्या यहुद्यांत बंड पेटवतो, नासरेथकरांच्या (येशूच्या अनुयायांच्या) पंथाचा पुढारी आहे, आणि मग मंदिर. पहिले शब्द रोमी कानांसाठी निवडलेले आहेत. इ. स. ४१ मध्ये सम्राट क्लौद्यने आलेक्सांद्रियाला धाडलेलं पत्र पपायरसवर टिकलंय, त्यात तिथल्या यहुद्यांना तंबी देताना तो साऱ्या जगाला पीडा लावण्याचीच भाषा वापरतो. धर्माच्या वादात सुभेदाराला रस नव्हता. बंड म्हटलं की मात्र तो कान टवकारणार. कज्जा धार्मिक, त्यावर राजकीय वेष्टन.

पारावरचा

दप्तरदारांशी सहमत. बचाव वाचताना २४:१०-२१ मधलं प्रत्येक वाक्य कुठल्या आरोपाला उत्तर देतंय ते समासात लिहून काढा, अर्धा वर्ग तिथेच होईल.

बंडाला उत्तर: मला येऊन बारा दिवसांवर झाले नाहीत, मी मंदिरात, सभास्थानात किंवा शहरात कुणाशी वाद घालताना, गर्दी जमवताना यांना सापडलो नाही. इथे पौल ‘जगभर’ या शब्दाला हातच लावत नाही. सुभेदाराच्या हद्दीत, ठरावीक दिवसांत काय घडलं तेवढंच बोलतो. इफिसातला दंगा (अ. १९) निघाला असता तर उत्तर लांबलं असतं.

पंथाला उत्तर: हे तो *कबूल करतो*. ज्या मार्गाला हे पंथ म्हणतात त्याप्रमाणे मी पूर्वजांच्या देवाची सेवा करतो, नियमशास्त्र आणि संदेष्टे मानतो, पुनरुत्थानाची आशा यांनाही आहे. कबुली आणि बचाव एकाच दमात. मी यहुदीच असेन तर हा घरचा वाद झाला, त्यात रोमचं काय जातं?

मंदिराला उत्तर: मी दानधर्म घेऊन आलो होतो, शुद्ध होऊन मंदिरात होतो, गर्दी नाही, गोंधळ नाही. आणि मग खरा घाव: आशियातले जे यहुदी ओरडले ते कुठे आहेत? त्यांनी इथे येऊन बोलायला हवं होतं. रोमी पद्धतीत फिर्यादीने समोर उभं राहायचं असतं, फेस्त पुढे २५:१६ मध्ये हीच रीत अग्रिप्पाला ऐकवतो. आरोपाचे मूळ साक्षीदार गैरहजर, हे एकच वाक्य तिर्तुल्लाच्या गोड प्रस्तावनेपेक्षा भारी आहे. (ती प्रस्तावनाही थोडी लबाडच. फेलिक्सच्या राजवटीत ‘शांतता’ कितपत होती ते योसेफसमध्ये वाचा. पौल मात्र खुशामत न करता एवढंच म्हणतो की आपण पुष्कळ वर्षं या लोकांचे न्यायाधीश आहात. ते खरंही होतं आणि उपयोगाचंही.)

चलाखीबद्दल. डाव होता, त्यात शंका नाही. समोर अर्धे परूशी, अर्धे सदूकी, हे *ओळखून* तो बोलला असं २३:६ म्हणतं. पण निव्वळ डाव म्हणणं मला पटत नाही. तो मुद्दा पौल २४:१५ ला पुन्हा मांडतो, २४:२१ ला न्यायसभेतलं ते वाक्य स्वतःहून सुभेदाराला सांगतो, २६:६-८ ला राजापुढेही तेच. सगळीकडे एकच मध्यबिंदू, आणि तो त्याच्या विश्वासाचाही मध्यबिंदू आहे. गोंधळाचा फायदा झाला तो कागदावर. लुसियाच्या पत्रात (२३:२९) लिहिलं गेलं की वाद यांच्या नियमशास्त्राचा आहे, मरणाजोगा किंवा बेड्यांजोगा गुन्हा नाही. फाइलमधला पहिलाच कागद आरोपीच्या बाजूचा!

त्याच पत्रात सरदाराने स्वतःची बाजू कशी सावरलीय तेही वर्गाला दाखवा. हा रोमी आहे हे कळल्यावर मी त्याला सोडवला, असं तो लिहितो. प्रत्यक्षात आधी साखळदंड घातले, फटक्यांसाठी ताणून बांधायला घेतलं आणि मग कळलं (२१:३३, २२:२४-२९). फटक्यांचा भाग पत्रात नाही.

सांजदिवा

दोघांचे आभार, हेच हवं होतं. ‘बारा दिवस’ काही जुळत नाहीत पण. सात दिवसांचं शुद्धीकरण, मग न्यायसभा, कट, प्रवास आणि २४:१ चे पाच दिवस. बेरीज सोळा-सतराच्या पुढे जाते.

दप्तरदार

जुळतात, फक्त कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

यरुशलेमात पोहोचला तो पहिला दिवस (२१:१७). दुसऱ्या दिवशी याकोबाची भेट. तिसऱ्या दिवशी चार नवसकऱ्यांबरोबर मंदिरात. तो सातांपैकी पहिला धरला तर सातवा येतो नवव्या दिवशी, आणि सात दिवस संपत आले असताना अटक झाली (२१:२७). दहाव्या दिवशी न्यायसभा. अकराव्या दिवशी चाळिसांहून अधिक जणांचा कट, बहिणीच्या मुलाने फोडला, आणि त्याच रात्री तिसऱ्या तासाला म्हणजे नऊच्या सुमारास रवानगी: २०० शिपाई, ७० स्वार, २०० भालेकरी. रात्रीत अंतिपत्रिस, पुढे फक्त स्वार. बाराव्या दिवशी कैसरीया, सुभेदाराचं ठाणं. नंतरचे पाच दिवस तो हेरोदाच्या वाड्यात पहाऱ्यात होता, ते मोजायचं कारणच नाही.

दुसरी पद्धत सोपी, ७ + ५ = १२, पण मधले दिवस गिळावे लागतात. मी पहिली वापरेन. मुद्दा तसाही आकड्याहून मोठा आहे: बारांतले शेवटचे तीन-चार दिवस तो रोमी ताब्यातच होता. बंड करायला वेळ उरतो आठवडाभर, आणि तो गेला नवस-शुद्धीकरणात.

किनारपट्टी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. अग्रिप्पाचं वाक्य मागून वाचलं की दाद मागणं चूक वाटतं. मागितली तेव्हाची स्थिती बघा.

फेलिक्सने निकाल दिलाच नाही. ‘लुसिया सरदार आला की बघू’ म्हणून तहकूब. पौलाला जरा मोकळीक, मित्रांना भेटू देणं, आणि मनात पैशाची आशा (२४:२३-२६). हा फेलिक्स मूळचा मुक्त केलेला दास, पल्लास या बड्या दरबाऱ्याचा भाऊ. रोमी इतिहासकार टॅसिटस त्याच्याबद्दल लिहितो की राजाचा अधिकार त्याने गुलामाच्या वृत्तीने चालवला. दोन वर्षांनी तो परत बोलावला गेला, कैसरीयाच्या यहुद्यांनी नीरोकडे त्याची तक्रार नेली. जाता जाता यहुद्यांची मर्जी राखायला पौलाला कैदेत ठेवलं (२४:२७), त्याचं कारण या वाऱ्यात शोधा.

मग साधारण इ. स. ५९-६० मध्ये फेस्त येतो, प्रांतात नवा. तिसऱ्याच दिवशी यरुशलेमला चढून जातो, तिथे त्याला गळ घालतात की पौलाला इकडे आणा. वाटेत मारायचा बेत. कैसरीयात सुनावणी होते, आरोप पुष्कळ, पुरावा नाही. इथे सोडून द्यायचं तर फेस्त विचारतो, यरुशलेमला येऊन माझ्यासमोर न्याय करून घेतोस का? धोका होता तो या *जागाबदलात*. सुटका आणि अपील यांतून निवड नव्हतीच. यरुशलेमचा रस्ता आणि अपील यांतून होती.

पौलाला रोमी नागरिकत्व जन्मापासून होतं. दाद मागणाऱ्या नागरिकाला फटके मारणं, बेड्या घालणं, ठार करणं याला ऑगस्टसच्या काळापासून कायद्याने बंदी होती. निकालाआधीच त्याने तो हक्क वापरला. फेस्तने सल्लागारांशी बोलून मान्य केलं आणि नको असलेलं प्रकरण वर ढकललं. अपील आल्यावरही तो निर्दोष म्हणून सोडू शकला असता का? कागदोपत्री कदाचित. पण कैसराचं नाव निघालेल्या माणसाला नव्या सुभेदाराने परस्पर सोडायचं आणि वर याजकवर्गाचा रोष घ्यायचा, एवढी हिंमत कोण करतो? अग्रिप्पाला हे म्हणायला काही खर्च नव्हता.

अग्रिप्पाला बोलावलं तेही उगाच नव्हे. प्रमुख याजक नेमण्याचा आणि मंदिराच्या देखरेखीचा अधिकार रोमने त्याला दिला होता. फेस्ताला यहुदी वादाचा जाणकार हवा होता आणि तो आयता मुजऱ्याला आला. म्हणून अ. २६ मध्ये पौलाचं लक्ष पूर्ण राजाकडे आहे. फेस्त मध्येच ओरडतो की विद्येने तुला वेड लागलंय, पौल त्याला अदबीने एका वाक्यात उत्तर देऊन पुन्हा राजाकडे वळतो.

पारावरचा

वर्ग घेताना दोन खड्डे. पहिला: हनन्या दोन आहेत. २२:१२ चा दिमिष्कातला, पौलाला दृष्टी परत देणारा, आणि २३:२ चा प्रमुख याजक, तोंडावर मारायला सांगणारा. (त्याला पौल ‘चुना लावलेली भिंत’ म्हणतो. इ. स. ६६ च्या उठावात बंडखोरांनीच त्याला मारलं.) दोन हनन्यांचा घोळ हमखास होतो.

दुसरा: दिमिष्काच्या वाटेचा प्रसंग (पौलाला येशूचं दर्शन झालं तो) तीनदा येतो, अ. ९, २२, २६, आणि तपशील जुळत नाहीत. सोबत्यांनी वाणी ऐकली (९:७) की नाही (२२:९) यावर तासभर वाद घालण्यापेक्षा कुणापुढे काय सांगितलंय ते पाहा. जमावापुढे: गमलियेलच्या पायाशी शिक्षण, नियमशास्त्र पाळणारा हनन्या, मंदिरातलं दर्शन. सगळं यहुदी कानांना ओळखीचं. ते ऐकूनही घेतात, ‘परराष्ट्रीयांकडे’ हा शब्द येईपर्यंत. राजापुढे: हनन्या गायब, पाठवणी थेट प्रभूकडून, आणि पराणीवर लाथ मारण्याची म्हण. पराणी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी: जुंपलेला बैल चिडून मागे लाथ झाडतो तेव्हा टोक त्याच्याच पायात रुततं. ग्रीक नाटकांतही ही म्हण आढळते, दरबारात ती सहज चालली असणार.

सांजदिवा

शेवटची शंका. माझ्याकडच्या एका भाषांतरात २४:६ नंतर एकदम २४:८ आहे. सातवं वचन छपाईत सुटलंय का?

दप्तरदार

नाही, सुटलेलं नाही. ६ चा शेवट, ७ आणि ८ ची सुरुवात हा तुकडा सर्वांत जुन्या मोठ्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, नंतरच्या काहींत आहे. त्यात तिर्तुल्ल म्हणतो की आम्ही आमच्या नियमशास्त्राप्रमाणे याचा न्याय करणार होतो, पण लुसिया सरदाराने जबरीने याला हिसकावलं आणि फिर्यादींना आपल्याकडे यायला सांगितलं.

वर्गात दोन्ही वाचून दाखवा, कारण अर्थ बदलतो. तुकडा धरला तर ‘याची चौकशी केल्यावर आपल्याला कळेल’ हे लुसियाबद्दल होतं आणि फेलिक्स त्याच्यासाठीच थांबतो हे सरळ बसतं. गाळला तर चौकशी पौलाची. त्यामुळे कुणीतरी जोड स्पष्ट करायला नंतर भर घातली असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात, मलाही तेच पटतं. आणि लुसिया पुढे कधी आला का? लूक त्याचा उल्लेख पुन्हा करत नाही. तहकुबीचं कारण तारखेपुरतंच होतं.