मानसिक आजार आणि इच्छामरण: ‘असाध्य’ ठरवायचं कोणी?

आडवाप्रश्न: नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२पासून इच्छामरणाचा कायदा आहे, त्यात निव्वळ मानसिक आजार हेही कारण चालतं. कॅनडाने हाच मुद्दा मार्च २०२७पर्यंत पुढे ढकललाय. माझी अडचण ‘असाध्य’ या शब्दाशी आहे. दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन गुण आला नाही की नैराश्य ‘उपचारांना दाद न देणारं’ ठरतं. पण लिथियम या औषधाची जोड, मानसोपचार, ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह देण्याचा उपचार) तर पुढेच असतात! कॅन्सरसारखी स्टेज इथे नाही. मग हा शिक्का मारायचा कशाच्या जोरावर?

खडीसाखर: दोन औषधं फसली म्हणून तिथे कोणी परवानगी देत नाही हो. मृत्यू नजीक नसेल तर बेल्जियममध्ये आणखी दोन डॉक्टरांची मतं लागतात आणि लेखी विनंतीनंतर किमान एक महिना थांबावं लागतं. नेदरलँड्समध्ये स्वतंत्र मानसोपचारतज्ज्ञ तपासतो. करण्याजोगा उपचार रुग्णाने नाकारला तर विनंती तिथेच अडते. शरीराच्या यातनेला मुभा आणि मनाच्या यातनेला नाही, हे मला पटत नाही.

मधलीओळ: @खडीसाखर, निर्णयक्षमता तपासताना चार गोष्टी बघतात: माहिती समजणं, ती स्वतःला लागू करणं, पर्याय तोलणं, निवड सांगणं. नैराश्यात घोळ होतो तो दुसरीत. ईसीटीने बरेच जण सुधारतात हे रुग्ण बिनचूक सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, ‘पण माझं काही व्हायचं नाही.’ हे वर्षानुवर्षांच्या उपचारांनंतरचं मत, की आजारच बोलतोय? महिनाभर थांबून ते कळेलच असं नाही, नैराश्याचा एक झटका कित्येक महिने टिकतो.

उंबरठा: कोणीतरी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवण्याचं जैन व्रत, काढेलच, म्हणून आधीच सांगतो. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात तिचे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, आहेत, त्यात जगण्याची आशा आणि ‘मरणाशंसा’, म्हणजे मरणाची आस, दोन्ही येतात. मरण हवंसं वाटतं हाच तिथे दोष. निराशेतून आलेल्या विनंतीला तिचा आधार कसा मिळणार? कॅथलिक भूमिका तर जास्तच कडक. ‘ब्रदर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक धर्मसंघाच्या बेल्जियन शाखेने २०१७मध्ये आपल्या मनोरुग्णालयांत इच्छामरणाला वाट दिली, २०२०मध्ये व्हॅटिकनने त्या संस्थांचं कॅथलिकपण काढून घेतलं.

खडीसाखर: धर्म मानणाऱ्याने ते पाळावं, न मानणाऱ्यावर का लादायचं? शिवाय विनंतीची छाननी आणि उपचार दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. मरणाबद्दल उघड बोलता आलं की काही जण विनंती मागेही घेतात.

आडवाप्रश्न: दोन्ही एकत्र चालू ठेवा, मान्य. मात्र छाननीची टीम ठरलेल्या तारखेला हजर आणि मानसोपचाराला महिनोन्‌महिने वेटिंग, असं असेल तर ‘पर्याय संपले’ ही ओळ फाइलमध्ये कोण लिहिणार?